आई गेली आणि मी इथे बोटीवर

होडीवाली

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं, पण इथे कुणी ना कुणी यातून गेलेलं असणार म्हणून लिहितेय.

मी मूळची पंचवटीतली. सध्या इंग्लंडमध्ये नवऱ्याबरोबर नॅरोबोटीवर राहते. इथे दोन-अडीच शतकांपूर्वी कोळसा आणि माल न्यायला कालवे खणले. त्यांच्या अरुंद लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांत, मावावी म्हणून ही बोट जेमतेम सात फूट रुंद असते. आमची ५७ फूट लांब आहे. चाळीतल्या दोन खोल्या एकामागे एक जोडून पाण्यात सोडल्या तर जे होईल, ते आमचं घर. स्टोव्ह कोळशावर, वीज छतावरच्या सोलरवर. पाण्याची टाकी आपणच भरायची आणि संडासाची कॅसेटही आपणच नेऊन रिकामी करायची. आमच्याकडे कायमचं मुरिंग नाही, म्हणजे बोट बांधायची हक्काची जागा नाही. अशांना १९९५ च्या कायद्यानं एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. पंधरवडा झाला की घर सोडायचं आणि पुढे जायचं, घरासकट.

नोव्हेंबरमध्ये आई गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. नाशिकला दुपारचे साडेतीन वाजले होते, इथे सकाळचे दहा. त्या वेळी आम्ही ब्लिसवर्थच्या बोगद्यात होतो. हा बोगदा जवळपास २.८ किलोमीटरचा. आत काठ नाही, उजेड नाही, फोनला रेंज असण्याचा प्रश्नच नाही. बोटीचा वेग माणसाच्या चालण्याइतका, त्यामुळे पार व्हायला अर्धा तास सहज जातो. हवेसाठी वरून पाडलेल्या उभ्या विवरांतून पाणी गळतं, म्हणून मी रेनकोट घालून सुकाणूपाशी उभी होते. बाहेर आलो आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. दादा, वहिनी, मावशी, परत दादा. मी उचललाच नाही. नवऱ्याला म्हटलं, आधी बोट बांध.

जाता आलं नाही. आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज गेलेला आहे. निकाल यायच्या आत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात, मग फी गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दादाच म्हणाला, "तू पोचेपर्यंत आम्ही काही थांबू शकत नाही. मग तिकडचंही कशाला घालवतेस?" त्यामुळे अमरधाम, अस्थी, रामकुंडावरचा दहावा, सगळं मोबाइलवर.

आम्ही पंचवटीतली पोरं दुसऱ्यांच्या दहाव्यांतून वाट काढत मोठी झालो. शाळेतून येताना घाटावर रोज कुणाचं ना कुणाचं चाललेलं असायचं. बाहेरगावच्या जीपा, भादरलेली डोकी, पत्रावळीवर भाताचे पिंड, आणि सगळ्यांच्या नजरा वर. आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही. आपल्या घरची वेळ येईल तेव्हा आपण तिथेच असणार हे इतकं गृहीत होतं की कधी मनातही आलं नाही. आणि माझ्या आईचा पिंड मी बघितला तो एवढ्याशा पडद्यावर, तोही चुलतभावाच्या अंगठ्यानं अर्धा झाकलेला.

कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून लोक मागे सरकले नाहीत तोवरच. सगळ्यांना हायसं वाटलं. मावशी म्हणाली, "बघा, कशात म्हणून जीव अडकला नव्हता तिचा." आणि मला ते इतकं लागलं! कशातच नाही? माझ्यातसुद्धा नाही?

वेडेपणा आहे, कळतं मला. पण डोक्यातून जात नाही.

इथे आईला ओळखणारा माझा नवरा सोडून कुणीही नाही. शेजारी चांगले असतात, पण दर मुक्कामाला नवे. कालच्यांना सांगितलेलं आजच्यांना ठाऊक नसतं. सुरुवातीला सांगायचे, आता सांगत नाही. लॉक उघडताना कुणी "कशा आहात" विचारलं की छान म्हणते आणि विंडलास, म्हणजे लॉकची किल्ली, फिरवते.

ज्यांना जाता आलं नाही, त्यांनी काय केलं? आणि जे नाशिकला घरी होते, त्यांनी सांगावं की दुरून नेमकं काय करता येतं. ऑनलाइन फुलं आणि फळांच्या टोपल्या सोडून.

---

पंचवटीकर

ताई, आईंना श्रद्धांजली. मन घट्ट करा.

कावळ्याचं मनाला लावून घेऊ नका. मी घाटापासून हाकेच्या अंतरावर राहतो, रोज बघतो. सकाळी लवकर गेलात तर कावळे भुकेले असतात, पिंड ठेवायचा अवकाश. अकरा-साडेअकराला गेलात तर पोटं भरलेली असतात, लोक हात जोडून बसतात आणि ते भिंतीवर बसून चोच घासतात. तुमच्या घरचे वेळेवर गेले असणार, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं. आपल्याकडच्या उपाध्यांच्या नामावळ्या तुम्हाला ठाऊक असतीलच. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. कोण आलं, कोणाचं करायला आलं, सगळी पिढ्यान्पिढ्यांची नोंद आणि खाली आलेल्याची सही. माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा बघितली. घाटावर जन्म गेला पण वही कधी उघडली नव्हती. तुम्ही याल तेव्हा उपाध्यांना वही काढायला लावा आणि आईच्या नोंदीखाली आपलं नाव घाला. आमच्या बहिणीचं मी आग्रहानं घालून घेतलं. ती दहाव्याला नव्हती, नंतर आली, तशी तारीख टाकली. वहीत उशिरा आलेल्यांनाही जागा असते.

---

सडेतोड

वाईट वाटलं. पण सगळेच गोड बोलणार, म्हणून मी स्पष्ट लिहितो. परदेशात राहायचं, तेही होडीवर हौसेनं, आणि मग रामकुंडाच्या आठवणीनं गळा काढायचा. कागद महत्त्वाचा वाटला म्हणून गेला नाहीत. तो निर्णय तुमचा होता. त्याचं ओझं इथल्या लोकांनी कमी करावं ही अपेक्षा जरा जास्त होतेय.

---

होडीवाली

@सडेतोड, निर्णय आमचाच, नाकारत नाहीये. होडी सुरुवातीला हौस नव्हती. इथल्या घरभाड्यात महिन्याअखेर हातात काही उरत नव्हतं म्हणून घेतली, आवडायला लागली नंतर. बाकी तुम्हाला पटावं म्हणून मी धागा काढलेला नाही.

@पंचवटीकर, चोच घासतात वाचून आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. वहीचं करणार, नक्की.

---

डेकाखालचा

मी मरीन इंजिनिअर, घर नाशिकरोडला. २०२० साली बाबा गेले तेव्हा आम्ही ब्राझीलचं लोहखनिज भरून चीनच्या वाटेवर होतो. माझा करार कधीच संपला होता, पण त्या वर्षी एकही बंदर माणसं उतरवून घ्यायला तयार नव्हतं. वर्षाअखेरीस ४ लाखांच्या आसपास खलाशी असे मुदत उलटून जहाजांवर अडकलेत असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. मी त्यातला एक. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार सलग बारा महिने व्हायच्या आत माणूस घरी पाठवावा लागतो. पण समुद्राच्या मध्यावर तो करार कुणाला दाखवणार?

कॅप्टननं केबिनमध्ये बोलावून सांगितलं आणि सॅटेलाइट फोन हातात दिला. त्यात आवाज थोडा मागून पोचतो. त्यामुळे आई बोलायची तेव्हाच मी बोलायचो, मग दोघंही थांबायचो, मग पुन्हा एकदम सुरू. निम्मा वेळ त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी मी खाली इंजिनरूममध्ये होतो. कुक गोव्याचा ख्रिश्चन. त्यानं कुणाला तरी विचारून तारीख काढली असावी, कारण तेराव्याला ताटात गोडाचं होतं. काही बोलला नाही. वाढलं आणि गेला.

कामात मन गुंतव म्हणतात. ते गुंततंही, खोटं नाही. खरी पंचाईत घरी आल्यावर होते. मी पोचलो तोवर घरच्यांचं रडून झालेलं, बाबांची खोली आवरलेली, त्यांचे शर्ट कुणाकुणाला देऊन झालेले. चष्मासुद्धा दान केलेला. सगळे सावरलेले आणि मी हॉलमध्ये हमसून रडतोय, सगळे एकमेकांकडे बघताहेत की याला आता काय झालं. म्हणून सांगतो, आजच दादाला फोन करा आणि म्हणा, आईचं एक कपाट मी येईपर्यंत उघडू नका. एकच. बाकी त्यांना आवरू द्या, त्यांनाही त्याच घरात राहायचंय.

इथे जहाजावरचं कुणी वाचत असेल तर: आयस्वान या संस्थेची सीफेररहेल्प नावाची हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मोफत, हिंदीतही बोलतात. मी एकदा रात्री फोन केला होता. समोरच्यानं उपदेश केला नाही, ऐकून घेतलं. आणि डिसेंबर २०२४ पासून त्या सागरी कामगार करारातच दुरुस्ती झालीय, जहाजावर शक्य तितकी इंटरनेटची सोय द्यावी लागते. आमच्या वेळी नव्हतं हे.

---

थोरली_सून

मी दुसऱ्या बाजूची. राग मानू नका.

माझे धाकटे दीर कॅनडात. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळून होत्या. दीर रोज फोन करायचे, आईवर जीव होता त्यांचा, त्यात खोट नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांनाही येता आलं नाही. आणि मग फोन सुरू झाले. रोज रात्री तासतासभर. "वहिनी, मी नव्हतो. वहिनी, मी कसला मुलगा." दिवसभर भेटायला येणाऱ्यांचे चहा, आत्याबाईंचं बिनमिठाचं, मुलाच्या दहावीचे क्लास, आणि रात्री फोन कानाला लावून मी त्यांची समजूत घालतेय. एकदा तोंडातून गेलं, "भाऊजी, तुमचं रडून झालं की तुम्ही फोन ठेवता. मला अजून आईंची गादी धुपवायचीय."

पलीकडे शांतता. मला वाटलं आता हे कायमचे रुसले. दुसऱ्या दिवशी फोन आला, म्हणाले, काम सांगा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती इथे यांनी केली आणि दाखल्याच्या भरपूर प्रती काढून ठेवल्या. त्या लागतात, प्रत्येकाला मूळच हवी असते. पुढचं दिरांनी कॅनडात बसून केलं. कुठल्या बँकेत नॉमिनी आहे, कुठे नाही, कुठली पावती कुणाच्या नावावर, याची सगळी यादी. बँकांना द्यायच्या अर्जांचे मसुदे. आयकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करून आईंचं शेवटचं विवरणपत्र. महावितरणचं नाव बदलणं. सिन्नरकडची थोडी जमीन आईंच्या नावे होती, तिच्या वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून. ते तीन महिन्यांत कळवायचं असतं आणि आमच्या लक्षातही नव्हतं. यांना फक्त सह्या आणि हेलपाटे उरले. हेलपाटेही कमी नव्हते म्हणा. एका कार्यालयात तीच फाइल तीनदा नव्यानं मागितली. पण दर वेळी दिरांनी रात्रीतून ती पुन्हा तयार करून पाठवली, आणि पहिल्यांदाच आम्हाला वाटलं की हे घर अजून दोन भावांचं आहे.

ते रडायचे थांबले असं नाही. पण आता कामाचं बोलता बोलता रडायचे, आणि मग मीही रडायची. तोवर मला वेळच मिळाला नव्हता.

आता कावळा. आमच्याकडे दीड तास शिवला नाही. यांनी हात जोडून सांगितलं, "आई, धाकट्याची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. नातेवाईक म्हणाले, धाकट्यात जीव अडकला. आता ज्यानं रात्र रात्र उशाशी बसून काढली त्या थोरल्यानं काय समजायचं? त्याच्यात नव्हता का अडकला? तुमच्याकडे लगेच आला म्हणून तुम्हाला लागलं, आमच्याकडे आला नाही म्हणून यांना लागलं. घाटावर कुणी काही बोलूच नये खरं तर.

---

सोअरकाठी

लेस्टरहून लिहितोय, आजोळ नाशिकचं. बोटीच्या व्यवहाराबद्दल थोडं, कारण भावनांचं वरच्यांनी माझ्यापेक्षा बरं सांगितलंय.

एक. १४ दिवसांच्या त्याच कलमात पुढे "किंवा परिस्थितीनुसार वाजवी असेल तितका अधिक काळ" अशा अर्थाचे शब्द आहेत. घरात मृत्यू झालाय, माणूस हलण्याच्या मनःस्थितीत नाही, हे सरळ कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला कळवा आणि मुक्काम वाढवून मागा. कारण लिहून, तारखेसह. मूळ धाग्यात तुम्ही दर मुक्कामाला नवे शेजारी म्हणता. थोडे दिवस एका ठिकाणी राहिलात तर निदान दोन माणसांना तरी तुमच्या आईचं नाव ठाऊक होईल. आणि अर्जाचा निकाल लागून नाशिकला जाल तेव्हाही आधी कळवून जा. मालक सुट्टीवर की बोट सोडून दिलेली, हे काठावरून चालणाऱ्या तपासनिसाला कसं कळणार?

दोन, हे कृपया हसण्यावारी नेऊ नका. हिवाळा, कोळशाचा स्टोव्ह, आणि मन थाऱ्यावर नाही. अशा वेळी माणूस थंडी वाजते म्हणून झडपा बंद करतो आणि स्टोव्ह धुमसत ठेवून झोपतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०१९ पासून राहत्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे, तो असेलच, पण आज बटण दाबून बघा वाजतो का.

तीन. तुमच्या दादांनी अस्थी रामकुंडात दिल्या असणार, ते उत्तमच. पण इथल्या लोकांसाठी सांगतो, बॅरो अपॉन सोअर गावाजवळ सोअर नदीत रक्षाविसर्जनाची सोय आहे. हिंदू आणि शीख कुटुंबं बोटीनं जातात, रीतसर. माझ्या काकूंचं आम्ही तिथेच केलं, कारण काका म्हणाले, मला दर रविवारी जाता येईल अशा नदीत. तुमची बोट ग्रँड युनियन कालव्यावरच असेल तर लेस्टर फाट्यानं सोअरपर्यंत पाण्यातूनच येता येतं. फॉक्सटनचे दहा लॉक मध्ये लागतात, चढउतार दमवणारी आहे, पण वरून दिसतं छान. आलात तर जेवायला या. आमच्याकडे नाशिकचा चिवडा असतो, मामा पाठवतो.

---

मेतकूट

बाळा, मी तुझ्या आईच्या वयाची असेन. एवढंच विचारायचं होतं, वडील आहेत ना? मग तुझी आई सवाष्ण गेली. वर्षश्राद्ध झालं की पुढे पितृपक्षातली अविधवा नवमी तिची. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलावतात, ओटी भरतात. बोटीवर कुठून आणू म्हणशील. शेजारच्या बोटीत कुणी बाई असेल ना? गोरी असली म्हणून काय झालं. तिला वरणभात, कोशिंबीर, खीर वाढ, आणि आई कशी होती ते सांग. माझ्या मुलीनं सिंगापुरात एका चिनी बाईला बोलावलं होतं. त्या बाईनं येताना संत्री आणली, त्यांच्याकडे पद्धत असते म्हणे.

वडिलांकडे लक्ष ठेव. बायको गेल्यावर या वयाचे पुरुष फार लवकर खचतात.

---

होडीवाली

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

@थोरली_सून, खरं सांगू? पहिल्यांदा रागच आला. मग दादाला फोन लावला, म्हटलं काम सांग. तो नेहमीसारखा, "नको गं, बघतो मी." मागून वहिनीनं फोन घेतला आणि म्हणाली, "बाबांची चारची गोळी."

आई द्यायची ती. दादा-वहिनी दोघंही तेव्हा नोकरीवर असतात, आणि बाबा विसरतात किंवा विसरल्यासारखं करतात. तर आता रोज सकाळी साडेदहाला, म्हणजे नाशिकच्या चारला, मी फोन करते. सुरुवातीला "घेतली" म्हणून ठेवून द्यायचे. मी कॅमेरा लावायला लावला. आता जिभेवर ठेवून दाखवतात, शाळेत हजेरी दिल्यासारखे, आणि वर विचारतात, "झालं समाधान?"

एक दिवस कॅमेरा भिंतीकडे वळला आणि मला स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दिसलं. नोव्हेंबरच्याच पानावर. आई रोज विचारायची, आज कुठे आहेस, आणि मला वाटायचं विचारायचं म्हणून विचारते. ती ते लिहून ठेवत होती. दुधाच्या हिशेबाच्या खाली, बारीक अक्षरात, "ब्राउन्स्टन". मग पुढच्या पंधरवड्याच्या चौकटीत "वीडन, पाऊस". एका ठिकाणी "गायटन, सर्दी", ती माझी सर्दी. मागची पानं बाबांना उलटायला लावली. सगळी भरलेली. बाबा म्हणाले, "ती नकाशा मागायची माझ्याकडे. मी म्हणायचो, कालव्याचा नकाशा कुठून आणू." त्यांना माहीत होतं, फक्त त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

@डेकाखालचा, कपाटाऐवजी मी कालनिर्णय मागितलंय. वहिनीनं रद्दीत जाणार नाही असं वचन दिलंय. गोदरेजचं कपाट तिला वापरायला लागेल, त्यात मी आडवी येणार नाही.

@सोअरकाठी, अलार्म दाबून बघितला. बॅटरी मेलेली होती. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मुक्काम वाढवायचा अर्ज केला, आठवड्याभरात होकार आला. सध्या स्टोक ब्रुअर्नला आहोत.

@मेतकूट काकू, पुढच्या बोटीत एक बाई एकट्या राहतात, विधवा आहेत. त्यांना बोलावलं तर चालेल का? नवमीला अजून वेळ आहे, पण विचारून ठेवते.

---

मेतकूट

बोलाव बिनधास्त. कोण विचारतंय. जेवणाऱ्याचं पोट भरलं की पोचतं.

---

कोर्टाची_पायरी

उशिरा आलो धाग्यावर. कागदपत्रांचं चाललंय म्हणून दोन शब्द, सिव्हिल कोर्टात उभं राहून केस पांढरे झाले त्या अधिकारात.

आईंच्या स्वतःच्या नावावर काही असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर नवरा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. नॉमिनी हा मालक नसतो, पैसे ताब्यात घेणारा असतो. हे घराघरांत चुकीचं समजलं जातं आणि मग भावंडं आमच्याकडे येतात. जागा, वाडा असेल तर नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर वारसांची नावं लावून घ्यायची. तुमचं नाव लागू द्या. नंतर भावाला द्यायचं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं द्या, खुशीनं द्या, पण सुतकातल्या भरात व्हॉट्सअॅपवर आलेल्या मसुद्यावर सही करून पाठवू नका. तुमचे बंधू सज्जन दिसतात, हा सल्ला सगळ्यांसाठी आहे.

परदेशातून कुलमुखत्यारपत्र करणार असाल तर ते तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून घ्या, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत नव्वद टक्के लोक चुकवतात (आकडा माझ्या कपाळावरच्या आठ्यांवरून काढलाय).

---

थोरली_सून

वकीलसाहेब बरोबर बोलतायत. आमच्याकडे दिरांनी हक्कसोड द्यायची तयारी स्वतःहून दाखवली होती. यांनी नको म्हटलं. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत, असू देत.

होडीवाली, कालनिर्णयचं वाचून मी दिरांना धागा पाठवलाय. आमच्या सासूबाई टोरांटोचं तापमान लिहायच्या, भाजीच्या वहीत. मला वाटायचं ते बटाट्याचे भाव आहेत. वजा अठरा बघून एकदा विचारलंही होतं, हे काय.

---

सडेतोड

मी आधी जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण एक उपयोगाचं सांगतो. यायचं ठरवाल तेव्हा सिंहस्थाचं वेळापत्रक बघून तिकीट काढा. २०२६-२८ चा कुंभ आहे, पर्वणीच्या आसपास रामकुंडावर स्थानिकालासुद्धा पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि उपाध्यांकडे निवांत वही उघडून बसायचं तर अजिबात नाही. २०१५ ला पर्वणीच्या दिवशी आम्ही आमच्याच गल्लीत अडकलो होतो. मुंबईहून येताना समृद्धीनं इगतपुरीपर्यंत या, कसाऱ्याचा घाट टळतो.

आणि बाबांची गोळी बीपीची असेल तर ती जेवणाआधी की नंतर, ते डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्या वडिलांची वेळ चुकीची लिहून दिली होती.

---

होडीवाली

@सडेतोड, विचारलं. नंतरच आहे. थँक्यू.

@कोर्टाची_पायरी, वाडा आजोबांच्या नावावरच आहे अजून, आईचं नाव त्यावर नव्हतंच. म्हणजे आता आजोबांपासून सुरुवात करावी लागेल का? त्यांना जाऊन खूप वर्षं झाली, आणि दोन आत्या आहेत, एक धुळ्याला, एक पुण्याला.

---

कोर्टाची_पायरी

हो. आजोबांपासूनच. आत्यांची नावंही लागतील. आजोबांचा मृत्यूचा दाखला आधी शोधा. तो सापडला नाही तर महापालिकेच्या जुन्या नोंदींतून काढावा लागेल. त्यासाठी वर्ष आणि शक्य तर महिना हवा.

---

पंचवटीकर

महिना उपाध्यांच्या वहीत मिळेल. आजोबांचा दहावा रामकुंडावरच झाला असणार. आडनाव आणि आजोबांचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, उद्या सकाळी जाऊन बघतो.